हजारा सिंगांची जागा

सरोज देवस्थळीची पद्धत ठरलेली होती. कळवून जायचं नाही, आणि जायचं ते जेवणाच्या वेळी. घरात म्हाताऱ्या माणसाची काय किंमत आहे हे विचारून कधी कळत नाही, असं ती विद्यापीठातल्या मुलांना सांगायची. मुलगा म्हणतो, वडीलच आहेत आमचे. सून म्हणते, देवासारखे आहेत. म्हातारा म्हणतो, सगळं छान आहे. मग ताट बघायचं. ते कुणाच्या आधी वाढलं जातं, कुठे ठेवलं जातं, पोळी तव्यावरची येते की सकाळची, आणि वाढणारं माणूस वाढून झाल्यावर दोन घटका थांबतं का. एवढं पाहिलं की बाकीचे प्रश्न विचारायची गरज उरत नाही.

चंदीगडच्या 'आसरा भवन' या नव्या वृद्धाश्रमाने तिला निवड समितीवर घेतलं ते या पद्धतीमुळेच. आश्रम एका ट्रस्टचा होता, खाटा थोड्या आणि अर्ज ढीगभर. १९९० साल सरत आलं होतं. अतिरेकी आणि पोलीस यांच्या कात्रीत सापडलेल्या पंजाबातल्या गावागावांतून ज्यांना जमत होतं ते बाहेर पडत होते. तरुण मुलं आधी पाठवली जात, कुणी दिल्लीला, कुणी कॅनडाला. म्हातारी माणसं घर आणि शेत राखायला मागे राहत, नाहीतर चंदीगडमधल्या एखाद्या नातेवाइकाच्या व्हरांड्यात त्यांची खाट पडे. सरोजने नियम लिहून दिला होता: ज्याचं कोणी नाही, किंवा असून नसल्यासारखं आहे, त्यालाच जागा. नाहीतर उद्या एकेक सेक्टर आपापले म्हातारे आणून सोडेल, असं ती म्हणाली, आणि समितीला ते पटलं.

डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी ती सेक्टर तेवीसमधल्या एका सरकारी क्वार्टरपाशी रिक्षातून उतरली. अर्ज हजारा सिंग यांचा होता, वय पंच्याहत्तर. मुलगा अमरीक सिंग सचिवालयात नोकरीला.

मागच्या अंगणात ऊन छान पडलं होतं. खाटेवर पांढऱ्या पगडीतले हजारा सिंग मांडी घालून बसले होते आणि त्यांच्या पुढ्यात ताट होतं. सरसोंची भाजी, तिच्यावर लोण्याचा गोळा, बाजूला मक्याची वाफाळती रोटी. पाच वर्षांची नात त्यांच्याच ताटातलं लोणी बोटाने चाटत होती. घरातलं दुसरं कुणी अजून जेवलेलं दिसत नव्हतं. सून दुसरी रोटी हातावर थापत आली आणि फाटकाशी उभ्या असलेल्या बाईंना पाहून हसली.

"सत् श्री अकाल जी. मी आसरा भवनकडून आले," सरोज हिंदीत म्हणाली.

"देणगी ना? बसा, पर्स आत आहे. पण रोटी खाल्ल्याशिवाय सोडणार नाही हां."

"देणगी नको. बाबाजींच्या अर्जासाठी आलेय."

"कसला अर्ज?"

हजारा सिंगांनी घास तोंडात घातला आणि ते ताटातच बघत राहिले. सुनेच्या, जसपाल कौरच्या, हातातली रोटी थापायची थांबली.

"पिताजी? त्या म्हाताऱ्यांच्या आश्रमात?" तिचा आवाज चढला. "काय कमी पडलं? मीठ कमी पडलं? बोला ना! आता गल्लीत काय तोंड दाखवू मी?"

"काही कमी नाही, पुत्तर. लोणी उलट जास्तच आहे."

"मग?"

"मग काही नाही."

सरोजला ओशाळल्यासारखं झालं. वातावरण सैल करावं म्हणून ती म्हणाली, "बाबाजी, हे ताट बघून वाटतं, मीच तुमच्या सुनेकडे अर्ज करावा." हसली फक्त नात, तीही कशाला हसायचं ते न कळता. जसपाल ओढणीने डोळे पुसत आत निघून गेली.

म्हातारे हात धुऊन सरोजला फाटकापर्यंत सोडायला आले. "बीबीजी, घरात सगळं ठीक आहे हे तुम्ही पाहिलंत. तरी मला जागा द्या."

"कारण सांगा ना."

त्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. तेवढ्यात एक मोटारसायकल गेली, तसे ते फाटकाच्या खांबाआड झाले. सरोजला वाटलं, धूळ चुकवताहेत. "म्हातारा माणूस आहे," ते म्हणाले, "मन लागत नाही."

संध्याकाळी विद्यापीठाच्या आवारातल्या घरी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. हेरंब डॉक्टर होता, मूळचा कोल्हापूरचा, आणि बायकोच्या कामाची थट्टा करण्याचा आपला हक्क त्याने वीस वर्षांत कधी सोडला नव्हता.

"तुझा हा फेरा म्हणजे पोलिसांची धाडच की गं! त्या बिचाऱ्या सुनेचं काय केलंस तू आज? आता ती त्याला रोज दुप्पट चारणार. म्हातारा लोण्यानं जाईल."

"रुसवा आहे नुसता. मुलाशी काहीतरी बिनसलं असेल. तिथे दोन दोन महिने कुणी न बोललेली माणसं रांगेत आहेत रे. यांना कशी देऊ जागा?"

"नको देऊस. पण विचार तरी एकदा, खाऊन-पिऊन सुखी माणूस घर सोडून का निघालाय म्हणून."

सरोजने विचारलं नाही. सांगायला हजारा सिंगच आले, चार दिवसांनी, तिच्या विद्यापीठातल्या विभागात. शिपाई त्यांना आत घेऊन आला, पण ते खुर्चीवर बसेनात. "बाहेर बसू या, उन्हात," म्हणाले. हिरवळीवर विद्यार्थ्यांची टोळकी सोडून दूर, एका मोकळ्या बाकावर ते बसले आणि जाड शाल गुडघ्यांवर नीट करून त्यांनी सांगायला सुरुवात केली.

"पावसाळ्यात एका रात्री गावच्या घरी चार पोरं आली. बंदुका होत्या. रोटी मागितली. घरात मी एकटा. बंदूकवाल्याला नाही म्हणतात का? केली रोटी, वाढली. पोलिसांना कळलं. मला ठाण्यात नेऊन बसवलं, दोन दिवस. पुढे आठवड्याभरात त्या चारातले दोन मारले गेले. मी काही बोललो नव्हतो, बीबीजी. मला त्यांची नावंही ठाऊक नव्हती. पण लोक दोनात दोन मिळवतात, खबर म्हाताऱ्यानेच दिली म्हणतात. गुरुद्वाऱ्यात पाठ करणाऱ्या ग्रंथीने कानात सांगितलं, बाबा, तुझं नाव घेतलं जातंय."

"अमरीक सिंगांना माहीत आहे?"

"अर्धं. म्हणून तर घेऊन आला मला. सुनेला काहीच नाही. आता महिनाभर समोरच्या रस्त्यावर एक मोटारसायकल उभी असते. कुणाची असेल वाहेगुरू जाणे. कुणा सरळ माणसाचीही असेल. पण नात माझ्याच खाटेवर झोपते, माझी दाढी मुठीत धरून. माझ्यासाठी जो येईल, तो काय दिवा लावून बघणार आहे कोण कोण झोपलंय?"

"हे त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"सुनेसमोर? आणि तुम्ही ते कागदावर लिहिणार. कागद कुठून कुठे जातो हे तुम्हाला माझ्याहून जास्त कळतं."

आता हे सगळं तिच्यापुढे नीट उलगडलं. जे घर पाहून तिने नकार लिहिला होता, त्याच घरासाठी हा माणूस बाहेर पडायला बघत होता. सून जेवढी माया करत होती, तेवढी त्याची निघायची घाई वाढत होती. सरोजच्या पद्धतीत याला रकाना नव्हता. पण ती हे मनाशी मान्य करते न करते तोच तिला दुसरी गोष्ट सुचली, आणि ती तिने बोलून टाकली.

"बाबाजी, आसरा भवनात अजून अठरा माणसं राहतात. तुमच्यासाठी कुणी तिथे आलं तर?"

हजारा सिंगांनी मान डोलावली. याचा विचार त्यांनी केलेला दिसत होता. "म्हातारीच आहेत ना सगळी?"

"म्हणजे?"

"म्हणजे जगून झालेली."

बोलण्यात वाकडेपणा काही नव्हता. कापणी झालेल्या शेताबद्दल बोलावं तसं ते बोलले. पण सरोजला ते शब्द झोंबले. गेली कित्येक वर्षं वर्गात पहिल्याच तासाला ती जे सांगत आली होती, नेमकं त्याच्याविरुद्ध हा माणूस बोलत होता, आणि तोही स्वतः म्हातारा. तिचा आवाज आपोआप वर्गातला झाला.

"म्हातारं माणूस म्हणजे उरलंसुरलं माणूस नव्हे, बाबाजी. तिथल्या प्रत्येकाचा जीव तुमच्या नातीइतकाच मोलाचा आहे. तुमचाही आहे."

म्हाताऱ्यांनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. "हे तुम्हाला शिकवतात, की तुम्ही शिकवता?"

"मी शिकवते."

"चांगलं आहे." ते काठीवर भार देऊन उठले. "मग मी कुठे जाऊ, तेवढं फक्त सांगा."

"मला थोडे दिवस द्या. काहीतरी बघते."

तिने बघितलं नाही असं नाही. पिंजौरला एक आश्रम होता, तिथे फोन केला. त्यांना पोलिसांचा दाखला हवा होता, दुसरं काही नको. पोलिसांकडे जाणं म्हणजे म्हाताऱ्याचं नाव स्वतःहून पुन्हा ठाण्यात पोचवणं. त्या रात्री जेवताना तिने हेरंबला सांगितलं. हेरंबने या वेळी थट्टा केली नाही. आमटी भातावर घेता घेता सहज म्हणाला, "आपली मागची खोली रिकामीच आहे की."

घराच्या मागे नोकराच्या कुटुंबासाठी एक खोली होती, वेगळ्या दाराची, न्हाणीघरासकट. गेल्या वर्षीपासून तिच्यात जुनी मासिकं आणि कूलर पडून होते.

"नीला बारावीला आहे," सरोज म्हणाली.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला त्यांची मुलगी नीला पुस्तकात डोकं घालून जेवत होती. "क्या हुआ? मैंने क्या किया?" तिने मान वर न करता विचारलं.

"काही नाही. जेव तू."

हेरंबने विषय पुढे नेला नाही आणि सरोजनेही नाही. ती खोटं बोलणारी बाई नव्हती, स्वतःशी तर नाहीच. सकाळी हिरवळीवर आपण ज्या माणसाला समजावत होतो, त्याच्याच जागी आता आपण उभ्या आहोत हे तिला कळलं होतं. पोरीच्या आणि बंदुकीच्या मध्ये जेवढं अंतर ठेवता येईल तेवढं ठेवायचं, यापलीकडे त्याचं काही म्हणणं नव्हतं, आणि तिचंही. फरक एवढाच, की हे अंतर ठेवण्यासाठी तो स्वतः घराबाहेर पडत होता आणि ती त्याला बाहेर ठेवत होती. कळलं, आणि कळून तिने ताटं उचलली.

मग परीक्षा आल्या. जानेवारीच्या सुरुवातीला समितीची बैठक झाली. अध्यक्ष सूदसाहेब, एक निवृत्त अधिकारी, अर्ज भराभर हातावेगळे करत होते. "हजारा सिंग?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. सरोजला बोलायचं होतं. अर्ध्या मिनिटात सांगता येईल असं ते नव्हतं, आणि सांगितलं असतं तर लिहिलं गेलं असतं. "घरी उत्तम देखभाल आहे," ती म्हणाली. यातला शब्दन् शब्द खरा होता. सूदसाहेबांनी पुढचा अर्ज उचलला.

जानेवारीच्या अखेरीला एका सकाळी दारावरची बेल वाजली. बाहेर जसपाल कौर उभी होती, पांढऱ्या ओढणीत. तिला आत बोलावलं तरी ती पायरीवरच राहिली.

"पिताजी गेले."

सरोजचा हात दाराच्या कडेवर गेला. "कुणी...? कधी आले होते?"

"कोण येणार?" जसपालला प्रश्न कळलाच नाही. "पडले ते. लोहडीचा सण झाला आणि दुसऱ्या दिवशी हट्टाने गावी गेले, गव्हाला पाणी द्यायचंय म्हणून. हे म्हणाले, मी देऊन येतो. ऐकलं नाही. दोन दिवसांत परत येतो म्हणाले. संध्याकाळी हातपंपाजवळ पाय घसरला. धुकं होतं, विटा ओल्या. कमरेचं हाड मोडलं. रात्रभर अंगणात पडून होते. सकाळी दूधवाल्याने पाहिलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून दवाखान्यात नेताना वाटेत गेले."

"रात्रभर? शेजारी कुणी..."

"रविवारी गावी त्यांच्यासाठी ठेवलेल्या पाठाचा भोग आहे," जसपाल मधेच म्हणाली. "सेक्टरमधून बस केलीय. तुम्ही या. आम्ही कसं ठेवतो बघायला आला होतात ना? मग तिकडेही येऊन बघा."

हेरंब म्हणाला, जाऊ नकोस, रस्ता चांगला नाही. सरोज गेली. बस खरडवरून मोरिंड्याच्या पुढे गेली, दोन ठिकाणी नाक्यावर थांबली, पुरुष उतरले, झडती देऊन परत चढले. अमरीक सिंग पुढच्या सीटवर होते. सरोजने दबक्या आवाजात त्यांना विचारलं, की गावात बाबाजींबद्दल चौकशी करायला कुणी आलं होतं का.

"तुम्हाला सांगितलं होतं त्यांनी?" अमरीक सिंगांनी चमकून वळून पाहिलं, मग खांदे पाडले. "नाही. पावसाळ्यापासून कुणीच नाही. मी ग्रंथीलाही विचारलं. तो म्हणतो, बोलणं झालं होतं कुणाचं तरी, पण पुढे काही नाही. आणि ती मोटारसायकल शेजारच्या नव्या भाडेकरूची निघाली. लॅबमध्ये आहे पोरगा." त्यांनी खिडकीची काच पुसली. "मी हे आधीच विचारून त्यांना सांगायला हवं होतं. मी त्यांच्यासमोर तो विषयच काढायचो नाही. म्हटलं, कशाला घाबरवा."

पाठ संपून भोग झाला, अरदासची प्रार्थना झाली, लंगरचं जेवण झालं. माणसं पांगायला लागली. बायका घराच्या अंगणात बसल्या होत्या. हातपंप तिथेच होता, भिंतीपासून चार हातांवर. भिंत छातीएवढी, आणि पलीकडे दुसरं अंगण. सरोजला वाटलं होतं, मध्ये बरंच अंतर असेल. ती भिंतीकडे बघत राहिली.

"ते आमचं घर," खाटेवर बसलेली एक म्हातारी म्हणाली. तिचं नाव करतार कौर. सकाळपासून तिच्याशी कुणी बोललं नव्हतं आणि तीही कुणाशी बोलली नव्हती. "आवाज येत होता," ती म्हणाली.

जसपाल ग्लास गोळा करत होती, ती थांबली.

"अंधार पडता पडता पहिली हाक आली. माझा म्हातारा उठला. मी त्याचा हात धरला. आम्हाला वाटलं, ते आलेत. आम्ही दिवा मालवला. सगळ्यांनीच मालवले." करतार कौर सरळ समोर बघून बोलत होती. "मग त्याने मला नावाने हाक मारली. लग्न होऊन आले तेव्हापासून भाभी म्हणायचा. कधी नाव घेतलं नाही. त्या दिवशी ओरडला, करतार कौरे! मग माझ्या म्हाताऱ्याचं नाव, मग पलीकडच्या घरातल्यांचं. एकेक करून सगळ्यांची नावं घेतली. मला वाटलं, ते त्याला मारून आमची नावं काढून घेताहेत."

करतार कौरने खाटेची दोरी चाचपली.

"मग आवाज बारीक झाला. मी म्हटलं, गेले ते. तरी दार उघडलं नाही. सकाळी उघडलं."

जसपाल सासूबाईंच्या वयाच्या त्या बाईवर ओरडेल असं सगळ्यांना वाटलं. पण तिच्या डोक्यात वेगळंच काहीतरी जुळत होतं. "ते आलेत म्हणजे कोण? ते कशाला येतील पिताजींकडे?" तिने आजूबाजूला पाहिलं. बायकांनी माना खाली घातल्या. गावाला सगळं ठाऊक होतं. मग तिची नजर सरोजवर येऊन थांबली. सकाळी बसमध्ये जसपाल सरोजच्या मागच्याच सीटवर होती; तेव्हा कानावर पडलेल्या दबक्या बोलण्याचा अर्थ तिला आता लागत होता.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"अर्ज त्याच्यासाठी होता?"

"हो. तुमच्या मुलीला काही होऊ नये म्हणून त्यांना घरातून निघायचं होतं."

"आणि मी समजत होते, माझ्या हातचं नकोसं झालंय." जसपालने ग्लास खाली ठेवले. "त्या आश्रमात रात्री माणसं असतात?"

"असतात. एक नर्स असते. चौकीदार असतो."

"तिथे पडले असते तर कुणी आलं असतं?"

"आलं असतं."

"मग जागा का नाही दिली?"

सरोजजवळ उत्तरं होती. नियम होता, अठरा माणसं होती, पोलिसांचा दाखला होता. चंदीगडहून येताना वाटेत तिने ती सगळी पुन्हा तपासली होती आणि त्यांतलं एकही चुकीचं निघालं नव्हतं.

"मला भीती वाटली," ती म्हणाली.

जसपालने ग्लास उचलले आणि ती आत निघून गेली. आतून भांडी आपटल्याचा आवाज आला. बाहेर रस्त्यावर बसवाला हॉर्न देऊ लागला, त्याला अंधाराआधी मोरिंडा गाठायचं होतं. शहरातल्या बायका उठल्या, चपला शोधू लागल्या.

करतार कौर खाटेवर जराशी सरकली. सरोज तिच्या शेजारी बसली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. हॉर्न पुन्हा वाजला, दोनदा वाजला, आणि अमरीक सिंग बोलवायला येईपर्यंत ती तिथून उठली नाही.